माळावरून बेटावर

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पक्षी बघायला शिकलेल्या माणसाला लांबचं बघायची सवय असते. गवत गुडघ्याएवढं, झाड म्हणजे कुठेतरी एखादी बाभळ नाहीतर बोर, आणि नजर सरळ क्षितिजाला टेकते. अर्ध्या किलोमीटरवरच्या काळविटाने मान वर केलेली आपल्याला कळते. असा सोलापूरकर दाट जंगलात शिरला की पहिल्या तासात त्याची एकच तक्रार असते: काहीच दिसत नाही. अंदमानच्या सदाहरित जंगलात तर पंधरा-वीस फुटांपलीकडे पानांची भिंत उभी राहते. तिथे आधी कान लावायचे, मग सावकाश मान वळवायची, आणि दुर्बीण सगळ्यात शेवटी उचलायची.

आपल्याकडून अंदमानला जाणारे कमी नाहीत. पण कार्यक्रम ठरलेला असतो: सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील, आणि परतीच्या विमानात उन्हाने सोललेलं नाक. सावरकरांची कोठडी पाहणं हे मराठी माणसाचं तीर्थ आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र ज्याला वन्यजीव आणि पायवाट दोन्ही हवं असेल त्याने तिथून उत्तरेला जावं, दिगलीपूर तालुक्यात. अंदमानचं सर्वात उंच शिखर सॅडल पीक, 732 मीटर, तिथे आहे. त्याच्या पायथ्याशी कालीपूरचा किनारा आहे, जिथे समुद्री कासवांच्या चार जाती अंडी घालायला येतात. गर्दी कमी आणि सोयीही कमी. या दोन्ही गोष्टी एकत्रच मिळतात, त्यातली एकच निवडता येत नाही.

नावांचा घोळ आधी निस्तरायला हवा, कारण त्यात पैसे जातात. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्री विजया पुरम आहे. हॅवलॉक आणि नील ही 2018 पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली. त्याच वेळी पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटाचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. पण दिगलीपूरजवळ आणखी एक रॉस बेट आहे, स्मिथ बेटाला वाळूच्या पट्ट्याने जोडलेलं. फोनवर नुसतं 'रॉसची होडी' म्हणून पैसे भरले तर तुम्ही सव्वातीनशे किलोमीटर चुकीच्या टोकाला उभे असाल. बोलताना 'रॉस आणि स्मिथ, एरियल बे जेट्टीवरून' असं पूर्ण म्हणावं.

सोलापूरहून निघायचं तर मुंबई-चेन्नई मार्गावरच्या गाड्या आपल्या स्टेशनातूनच जातात. चेन्नईला पोहोचून एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी विमान, हा सगळ्यात बिनघोर मार्ग. हैदराबाद रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास, तिथूनही विमानं आहेत. गाडी पोहोचायची वेळ आणि विमान सुटायची वेळ यांत तीन-चार तासच ठेवणारे लोक धाडसी असतात असं म्हणू. जहाजानेही जाता येतं, चेन्नईहून तीन दिवसांच्या आसपास लागतात. निवृत्त आणि निवांत माणसांनीच त्या वाटेला जावं.

पुढे दिगलीपूरला जायला दोन मार्ग. पहिला अंदमान ट्रंक रोड. सव्वातीनशे किलोमीटर म्हणजे सोलापूर ते हैदराबादएवढं अंतर, पण पहाटे निघून पोहोचायला संध्याकाळ होते. जिरकाटांगच्या नाक्यापासून मिडल स्ट्रेटपर्यंत हा रस्ता जारवा जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. तिथे गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात. थांबायला, फोटो काढायला, काही द्यायला सक्त बंदी आहे. ताफा चुकला की पुढच्या ताफ्यापर्यंत नाक्यावर बसून राहायचं. त्यानंतर बारातांगला जायला गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, मग रंगत, मायाबंदर आणि शेवटी दिगलीपूर. दुसरा मार्ग समुद्राचा: सरकारी जहाज पोर्ट ब्लेअरहून दिगलीपूरजवळच्या एरियल बे बंदराला जातं. वेळापत्रक आठवड्यागणिक बदलतं, तिकिटासाठी रांग असते आणि समुद्र खवळला की जहाज रद्द होतं. तरी माझा कौल जहाजाला. ज्या लोकांनी आपल्याला बोलावलेलं नाही त्यांच्या अंगणातून काच खाली करून टकमक बघत जाणं, आणि वर त्याला 'जंगल सफारी' म्हणणं, हे वन्यजीव पाहायला निघालेल्या माणसाला शोभत नाही.

आता घड्याळ. बेटावर सगळ्यात आधी हेच चुकतं, आणि चूक ध्यानात येते तोवर अंधार पडलेला असतो. भारतभर वेळ एकच, पण सूर्याला ते कुणी सांगितलेलं नाही. सोलापूर साधारण 76 रेखांशावर आहे, दिगलीपूर 93 च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सतरा अंशांची अडुसष्ट मिनिटं होतात. म्हणजे डिसेंबरच्या शेवटी सोलापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर दिगलीपुरात पाचच्या सुमारासच. सूर्योदय मात्र साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास. आपल्या सवयीने आठला नाश्ता, नऊला निघणं असं केलं तर पक्ष्यांची सकाळ संपलेली असते आणि डोंगराचा अर्धा दिवस खर्ची पडलेला असतो. दाट झाडीत तर सव्वाचारलाच पायाखालचं मूळ दिसेनासं होतं. म्हणून तिथे रात्री आठला झोपून चारला उठावं. नवल म्हणजे दोन दिवसांत शरीर ते मानतं.

कधी जावं? अंदमानात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या जवळपास. आपला पावसाळा उशिरा येतो, लवकर जातो आणि मधेच दडी मारतो. तिथे मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे पोहोचतात आणि ते ओसरले की परतीच्या, ईशान्येच्या पावसाची पाळी येते, ती डिसेंबरपर्यंत रेंगाळू शकते. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेर हा काळ चांगला: पायवाट कोरडी, समुद्र शांत आणि कासवांचा हंगाम चालू. डिसेंबरच्या सुट्ट्यांत जाणाऱ्यांनी जळवांची तयारी ठेवून जावं.

सॅडल पीकची वाट कालीपूरच्या पुढे लामिया बे इथल्या वन खात्याच्या चौकीपासून सुरू होते. तिथे ओळखपत्र दाखवून नोंद करायची, थोडं शुल्क भरायचं आणि शक्यतो गावातला वाटाड्या घ्यायचा. आदल्या दिवशी संध्याकाळी चौकीवर जाऊन वाट उघडी आहे की झाडं पडून बंद आहे हे विचारून ठेवावं. फोनवर मिळालेल्या माहितीवर विसंबू नये. जायला आठ किलोमीटर, यायला आठ. सोळा किलोमीटर हा आकडा सपाटीवर चालणाऱ्याला किरकोळ वाटतो. पण सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीला होते आणि सातशेच्या वर मीटरची चढण बहुतेक सगळी शेवटच्या पाच किलोमीटरांत गोळा झालेली असते.

पहिला टप्पा किनाऱ्याकिनाऱ्याने आहे. फोटोत तो सोपा दिसतो, आणि लोक दमतात ते नेमके इथेच. पायाखाली नारळाएवढे गुळगुळीत गोटे असतात, प्रत्येक पावलाला घोटा थोडा मुरगळतो आणि पोटऱ्या सतत तोल सावरत राहतात. उत्साहात हा टप्पा भराभर मारला की चढणीला लागायच्या आधीच पाय लटपटू लागतात. इथे मुद्दाम हळू चालावं. दुसरं म्हणजे भरती: पाणी चढलं की काही ठिकाणी खडकांवरची वाट पाण्याखाली जाते आणि झाडीतून वळसा घ्यावा लागतो. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब आपल्या पश्चिम किनाऱ्याचा आहे, अंदमानला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. पण त्यामागचं तत्त्व तिथेही खरं: भरती रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वात वर चढतं. आज जेट्टीवर भरतीची वेळ विचारून ठेवली की पुढच्या चार दिवसांचा अंदाज स्वतःच काढता येतो.

याच टप्प्यात डोंगरातून उतरणारे ओहोळ समुद्राला मिळतात आणि ते ओलांडावे लागतात. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे, आणि ओढ्याची मुखं ही तिची आवडती जागा. घाबरून जायचं कारण नाही, पण शिस्त हवी. भर ओहोटीला, उथळ जागेतून, सगळ्यांनी एकत्र ओलांडायचं. पाण्याच्या काठावर बसून डबा धुवायचा नाही, पाय सोडून फोटो काढायचा नाही, आणि उजेड कमी असताना तर पाण्यात उतरायचंच नाही. ओहोळ संपले की कोरड्या जागी बसून मोजे बदलावेत. ओल्या मोज्यांनी चढण चढणाऱ्यांच्या टाचा तासाभरात सोलतात. निघतानाच टाचांना आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन चोळलं असेल तर उत्तम.

मग वाट जंगलात शिरते आणि वारा थांबतो. सोलापूरच्या माणसाला आपण ऊन सोसलंय याचा अभिमान असतो, आणि तो खराही आहे. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसच्या वर जाताना आपण बाजार करतो. पण आपलं ऊन कोरडं असतं. घाम आला की लगेच वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. बेटावर तापमान तीसच्या आसपास, मात्र हवाच पाण्याने इतकी भरलेली असते की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. पाणी जातं, मीठ जातं, पण अंग थंड होत नाही. त्यामुळे बेचाळीसला न डगमगणारा माणूस तीसला गळाठतो. माणशी तीन ते चार लिटर पाणी घ्यावं, आणि त्यातलं निदान लिटरभर मीठ-साखरेचं असावं: लिटरला साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा. नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर मिठाचं प्रमाण आणखी उतरतं, मांड्यांत पेटके येतात, डोकं दुखू लागतं. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चार घोट.

खाण्याचं सोलापूरकरांना सांगायची गरज नाही असं वाटेल. कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांच्याएवढी प्रवासाला सोयीची शिदोरी दुसरी नाही. पण त्या भाकरीचा कडकपणा आपल्या कोरड्या हवेच्या भरवशावर टिकतो. बेटावर उघड्या पिशवीत ठेवली तर संध्याकाळपर्यंत ती वातड होते आणि दोन दिवसांत बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, चार-चारच्या थप्प्या वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून न्याव्यात. एका वेळी एकच पुडकं फोडावं. चटणी तेल न घालता कोरडी न्यावी. डोंगरावर पाण्याबरोबर ही दोन आणि गूळ एवढं पुरतं, आणि चटणीतलं मीठ तिथे औषधासारखं लागू पडतं.

तोच न्याय कापडाला. सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल ही आपली शान, पण दोन्ही घरी ठेवावीत. जाड टॉवेल एकदा भिजला की तिथे तीन दिवस वाळत नाही आणि बॅगेतलं सगळं कुबट होतं. पातळ पंचा न्यावा. बूट आणि मोजे निघण्यापूर्वी ब्रशने घासावेत, नान्नजला घातलेले असतील तर दुप्पट. त्यांच्यात गाजरगवताचं आणि कुसळांचं बी अडकलेलं असतं, आणि बेटाच्या जंगलाला बाहेरून आलेल्या पाहुण्यांचा अनुभव फारसा चांगला नाही. इंग्रजांनी तिथे चितळ सोडले. वाघ नाही, बिबट्या नाही, कोल्हाही नाही. चितळ वाढत गेले आणि नवी रोपटी खात सुटले. आपल्या माळावर लांडगा आहे म्हणून काळविटाला काही हिशेब आहे. तिथे हिशेब ठेवणाराच कुणी नाही.

बेटावर काय दिसतं याइतकंच काय दिसत नाही हे बघण्यासारखं आहे. अंदमानच्या जंगलात मूळचं माकड नाही, मूळची खार नाही. घोणस नाही, फुरसं नाही. अंदमानची डोंगररांग म्हणजे ब्रह्मदेशातल्या अराकान योमाचाच पुढे समुद्रात बुडालेला भाग, पण मधे पाणी आहे, आणि जे उडू शकलं, पोहू शकलं किंवा वाहत्या ओंडक्यावर टिकलं तेवढंच इथे पोहोचलं. जे पोहोचलं ते हजारो वर्षं एकटं राहून वेगळं झालं. म्हणून अंदमानचा भारद्वाज आपल्यासारखा काळा-विटकरी नसून बराचसा फिक्या तपकिरी अंगाचा आहे. टकाचोर, कोतवाल, बुलबुल, सर्पगरुड या सगळ्यांच्या तिथल्या स्वतंत्र जाती आहेत. ओळखीचं नाव, अनोळखी पक्षी.

सापांबद्दल मात्र एक गोष्ट मनात पक्की असावी. घोणस-फुरसं नाहीत म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. अंदमानचा स्वतःचा नाग आहे, मण्यार आहे, नागराज आहे, आणि झुडपांत किंवा जमिनीवर गप्प वेटोळं घालून बसणारा चापडा जातीचा साप आहे. भारतात मिळणारी सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या आपल्या चौघांच्या विषापासून बनवलेली असते. चापड्यासाठी ती बनवलेली नाही. चढताना आधारासाठी खोड धरण्यापूर्वी हात कुठे पडतोय ते बघावं, आणि त्यापेक्षा काठी बरी.

पक्ष्यांसाठी चढणीचा खालचा अर्धा भाग सर्वोत्तम. वर गर्जन आणि पडौकची उंच झाडं, खाली वेत आणि वेली. इथे चालत राहिलात तर काही दिसणार नाही. शंभर-दीडशे पावलं चालावं आणि पाच मिनिटं उभं राहावं, बोलणं बंद. आधी ऐकू येतो तो ठोका. अंदमानचा काळा सुतार कावळ्याच्या जवळपास जाणारा मोठा पक्षी आहे, आणि त्याची चोच वाळक्या खोडावर आपटते तेव्हा कुणी कुदळीच्या दांड्याने दार ठोठावतंय असं वाटतं. ठोक्याच्या दिशेने पानं बघू नयेत, खोड बघावं. वाळकं, सालपट निघालेलं, उभं खोड. त्याच्या मागून आधी लाल तुरा डोकावतो, मग काळंभोर अंग. तो खोडाभोवती फिरत वर सरकतो आणि माणूस दिसला की खोडाच्या पलीकडे राहतो. आपण स्थिर राहिलो तर मिनिटाभरात तो स्वतःच वळसा घालून समोर येतो. आपण त्याला बघायला वळसा घातला तर तोही घालतो, आणि हा खेळ तोच जिंकतो.

माळावर दहा पटीची दुर्बीण कामाची. इथे 8 गुणिले 42 ची घ्यावी: प्रकाश जास्त घेते, जवळचं धरते आणि दमलेल्या हातात कमी थरथरते. एसी खोलीतून थेट बाहेर काढलेल्या दुर्बिणीवर लगेच दव जमतं आणि नेमकी पहिली वीस मिनिटं, म्हणजे पक्ष्यांची ऐन वेळ, काच पुसण्यात जाते. रात्री ती सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवावी आणि पिशवी न उघडता बाहेरच्या हवेत अर्धा तास गरम होऊ द्यावी. कॅमेऱ्यालाही हाच नियम. दमट हवेत विसरून ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते आणि ती पुसून जात नाही.

जळवांना मिठाची पुरचुंडी चालते, तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवलेले मोजेही चालतात, आणि सोलापूरच्या मंडळींत तंबाखूची पुडी कुणाकडे नसेल असं होत नाही. चिकटलेली जळू ओढून काढू नये. नख सपाट लावून तोंडाकडून सोडवावी.

मागे फिरायची वेळ खालीच ठरवून निघावं. सकाळी सहाला चौकी सोडली तर साडेआठपर्यंत किनारा संपतो आणि अकराच्या सुमारास चांगल्या चालीचे लोक माथ्यावर असतात. साडेअकरा वाजले की जिथे असाल तिथून परत, माथा पन्नास पावलांवर असला तरी. उतरताना गुडघे बोलतात, ओली मुळं निसरडी असतात, आणि बहुतेक पाय मोडतात ते उतरतानाच. साडेतीनपर्यंत किनाऱ्याला लागलं की सूर्य आणि भरती या दोघांशी भांडण टळतं.

माथ्यावर बहुधा ढग असतो. नसला तर पूर्वेला बघावं. एकशे चाळीस किलोमीटरच्या आसपास नारकोंडम बेट आहे, सातशे दहा मीटर उंच. दोन्ही शिखरांची उंची धरली तर पृथ्वीचा गोलाकार लक्षात घेऊनही एकशे नव्वद किलोमीटरपर्यंत नजर पोहोचायला हवी. आडवी येते ती फक्त बाष्पाची धूसर हवा. त्या जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या बेटावर एक धनेश पक्षी राहतो, नारकोंडमचा धनेश, जो जगात दुसरीकडे कुठेही नाही. पर्यटकाला तिथे जाता येत नाही आणि ते योग्यच आहे. आपण माळढोक पक्ष्याच्या जिल्ह्यातले. 1979 मध्ये नान्नजचं अभयारण्य झालं, आणि आज तिथे एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी होते. पाण्याने वेढलेलं ते बेट, तर उसाने, विजेच्या तारांनी आणि रस्त्यांनी वेढलेला आपला माळ. वेढा कशाचाही असो, आतल्या पक्ष्याला जायला दुसरी जागा नसते. फरक एवढाच की धनेशाचं बेट आक्रसत नाही, आणि आपलं आपल्या डोळ्यांदेखत आक्रसत आलं.

डोंगर उतरल्यावर दुसरा दिवस पायांना विश्रांती आणि रात्र कासवांना द्यावी. कालीपूरला ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल आणि लेदरबॅक या चारही जाती येतात. बहुतेक वेळा दिसतं ते रिडले, आपल्या कोकणातल्या वेळासला येतं तेच. वन खात्याचे लोक रात्री किनाऱ्यावर गस्त घालतात. त्यांना सांगून, त्यांच्यासोबतच जावं. टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर, फोन खिशात, कपडे गडद.

आधी वाळूवरचा माग वाचायला शिकावं. रिडले आणि हॉक्सबिल डावा-उजवा पाय आळीपाळीने टाकतात, त्यामुळे मागावरच्या खुणा एकाआड एक पडतात. हिरवं कासव आणि लेदरबॅक दोन्ही वल्ह्यांनी एकदम ढकलतात, म्हणून दोन्हीकडच्या खुणा समोरासमोर येतात, आणि लेदरबॅकचा माग तर ट्रॅक्टर गेल्यासारखा रुंद असतो. कासव पाण्यातून वर येत असताना, किंवा खड्डा करत असताना जवळ गेलात तर ती काम अर्धवट टाकून परत फिरते. लांब बसून राहावं. मागच्या वल्ह्यांनी ती हातभर खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर असा खड्डा खणते. एक वल्हं वाकवून मूठभर वाळू उचलते, बाजूला ठेवते, आणि लगेच दुसरं वल्हं आत जातं. हे ती न बघता करते. अंडी पडायला लागली की मात्र ती थांबत नाही, आणि तेव्हाच मागच्या बाजूने, वाकून, थोडं जवळ जाता येतं. शंभर-सव्वाशे अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, दोन-दोन तीन-तीन. डोळ्यांतून पाणी गळत असतं. ते दुःख नव्हे, अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकणं आहे. मग वाळू लोटून झाल्यावर रिडलेची मादी एक गंमत करते: डावीकडे-उजवीकडे झुलत पोटाच्या कवचाने वाळू ठोकून बसवते. धप, धप, धप. कान वाळूला लावायची गरज नाही, बसल्या जागी ऐकू येतं.

अंडी वन खातं कुंपणाच्या आत नेऊन पुरतं. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं निघतात, आणि वाळूचं तापमान 29 अंशांच्या आसपास असेल तर नर-मादी दोन्ही, त्याहून गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, आणि समुद्रावरचं आकाश रात्रीही थोडं उजळ असतं म्हणून ती पाण्याकडे जातात. मागे उभं राहून फ्लॅश मारणारा पर्यटक त्यांना उलट्या दिशेला बोलावतो.

किनाऱ्यावर बसायचं म्हणजे सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या आल्याच. दिसत नाहीत, चावताना कळत नाहीत; खाज दुसऱ्या दिवशी सुटते आणि आठवडाभर टिकते. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खोबरेल तेलाचा जाड थर द्यावा, त्यात त्या चिकटून बसतात. वर लांब मोजे. वाळूवर उघड्या अंगाने लोळणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

रॉस आणि स्मिथची फेरी ओहोटीला करावी, तेव्हाच वाळूचा पट्टा उघडा पडतो. एरियल बेच्या जेट्टीवर परवाना मिळतो. वेळ उरला तर रामनगरकडच्या चालीस एक गुहांची चौकशी करावी. तिथल्या पाकोळ्या, ज्यांना तिकडे हवाबिल म्हणतात, आपल्या लाळेने घरटी बांधतात. ती घरटी सूपसाठी चोरली जात. आता गुहांवर पहारा असतो आणि परवानगीशिवाय आत सोडत नाहीत.

रोख पैसे बरोबर ठेवावेत, कारण तिकडे नेटवर्क मर्जीचं असतं. दिगलीपूर बरंचसं बंगाली वस्तीचं, हिंदी सगळीकडे चालते. मासे खाणाऱ्याची चैन, शाकाहाऱ्याला वरण-भात-बटाटा.

परतताना बॅगेत शंख, शिंपला, प्रवाळाचा तुकडा काहीही नको, मेलेलाही नको, वाळूत सापडलेलाही नको. 1972 च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळ आणि बऱ्याच शंखांना संरक्षण आहे, विमानतळावर बॅगा तपासतात, आणि देवघरासाठी नेतोय हे कारण तिथे चालत नाही. हवाच असेल तर परवानाधारक दुकानातून, पावतीसकट. आणि दिगलीपूरहून पोर्ट ब्लेअरला विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी परत यावं. जहाज रद्द होतं, ताफा चुकतो, फेरीची रांग लांबते, आणि यातलं एकही कारण विमान कंपनी ऐकून घेत नाही. ते दोन दिवस वाया जात नाहीत. पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूला सकाळी साडेचारला निघालात तर सुतार तिथेही भेटतो.